सर्वसामान्य माणूस पाहिजे

पंच्याण्णव सालच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं आणि कोल्हापुरातल्या एका दैनिकाला त्यानिमित्त तीन चौकटी भरायच्या होत्या. पहिली तज्ज्ञांची, दुसरी धर्मगुरूंची, तिसरी सर्वसामान्य माणसाची. खगोलशास्त्राचे प्राध्यापक दुपारीच येऊन बोलून गेले. नृसिंहवाडीच्या गुरुजींनी फोनवर वेध सांगितले. उरला सर्वसामान्य माणूस. संपादक आण्णांनी ते काम संघप्रियाकडे सोपवलं. ती उमेदवारीवर होती आणि या चौकटीवर तिची नोकरी पक्की व्हायची होती.

"सर्वसामान्य म्हणजे नेमका कोण?" तिनं विचारलं.

"जो तज्ज्ञ नाही आणि पुजारीही नाही तो," आण्णा म्हणाले. "बाहेर ढिगानं आहेत. एक घेऊन ये."

ती गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेली. तिथं बाळासो म्हशीची धार काढत होते. सामान्य माणूस म्हणून प्रतिक्रिया हवी, असं ऐकताच त्यांचा हात थांबला.

"सामान्य कुणाला म्हणतायसा, ताई? गेल्या साली दूध संस्थेला उभा होतो मी. सूर्य का झाकतोय ते इचारा, सांगतो की."

आणि त्यांनी सांगितलं. त्यात चंद्र कुठंच आला नाही. "हे तज्ज्ञांत छापा," त्यांनी बजावलं.

भाजीवाल्या शालूबाईंच्या अंगात दर अमावास्येला देवी येत असे. त्यांनी दुसऱ्या चौकटीवर हक्क सांगितला. "वाडीच्या गुरुजींच्या वर नाव घालणार असलीस तर बोलतो," म्हणाल्या. परतीच्या रिक्षावाल्यानं मीटर न टाकता शास्त्र सांगितलं.

संघप्रिया हिरमुसून घरी आली. तिचे वडील, आबा, तिचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मी चालतोय का बघ. विहारात मी साधा उपासक. भन्तेजी सांगत्यात, मी ऐकतो. आन् गिराणातलं मला कायबी कळत न्हाय."

आनंदानं तिला रडूच यायचं बाकी होतं. तिनं ते वाक्य होतं तसं लिहिलं आणि कचेरी गाठली.

आण्णांनी ते दोनदा वाचलं. "हे छापता येणार नाही."

"का? ते तज्ज्ञ नाहीत, भिक्खूही नाहीत."

"अगं, पण 'मला कळत नाही' म्हणणारा माणूस सामान्य कसा? माझ्या सगळ्या नोकरीत असा एक भेटला नाही. वाचकांचा विश्वास बसायचा नाही."

अखेर आबांचं वाक्य फोटोसह पहिल्या चौकटीत गेलं. नावाखाली पद आलं: 'अज्ञानाचे अभ्यासक'. तिसरी चौकट आण्णांनी खुर्चीतून न उठता लिहिली: 'ग्रहणाबाबत सर्वसामान्यांमध्ये संभ्रम.'

"पण संभ्रमात आहे कोण?" संघप्रियानं विचारलं.

"नाव घालायचं नसतं. नाव छापलं की तो सामान्य राहत नाही."

ते खरंच होतं. आबा अंक घेऊन विहारात गेले, आणि त्या दिवसापासून त्यांना ग्रहणातलं थोडंफार कळू लागलं.

संघप्रियाची नोकरी पक्की झाली. आठवडाभर वाचकांची पत्रं येत राहिली. सगळ्यांचा सूर एकच होता: तिसरी चौकट उत्तम, आम्हाला हे आधीच ठाऊक होतं, पण सर्वसामान्य माणसाला फार उपयोग होईल. तिनं पत्र न् पत्र वाचलं. सर्वसामान्य वाचकाचं एकही नव्हतं.

ही हकिकतही त्याच्यासाठीच लिहिली आहे. आपल्याला ती लागू नाही, हे आपण केव्हाच ओळखलं असेल.