दाजींचा शिकंजा

आमच्या दाजींनी एकदा कॅलेंडर अडकवायला भिंतीत एक खिळा ठोकायचं ठरवलं. घरात हातोडी नव्हती. दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता, नाहीतर शेजाऱ्याकडं मागितली असती. दाजींनी हातोडी करायला घेतली. हातोडीला भट्टी लागली, भट्टीला भाता लागला, भात्याचा पत्रा कापायला कातर लागली आणि कातर बाजारातली चालणार नव्हती. हातोडी झाली तेव्हा कॅलेंडरचं वर्ष संपलं होतं. खिळा आक्कानं मधेच कधीतरी वरवंट्यानं ठोकून टाकला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. जळकोटला हायवेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. पूर्वी कालव्यावर नोकरीला होते. आमच्याकडच्या कालव्यात पाणी किती असतं ते सांगायला नको, त्यामुळं विचार करायला त्यांना भरपूर सवड मिळाली. इतक्या वर्षांच्या विचारातून सिद्धांत एकच निघाला: "इकत आणायला काय अक्कल लागतीया? इकत कुणीबी आणतंय."

हा सिद्धांत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नांदतो. तिथं छत्रीच्या काडीचा पेचकस आहे. तो फिरवला की स्क्रू जागेवर राहतो आणि पेचकसच पीळ खातो. ट्रॉलीच्या चाकावरच्या जाड कमानपाट्याची छिन्नी आहे. ती उचलायला दोघं लागतात, मग ठोकायला तिसरा कुठून आणायचा? मिक्सरच्या मोटारीवर चालणारं धार लावायचं यंत्र आहे. ते सुरू केलं की शेडभर शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटतो. मिक्सर आक्काचा होता. त्यानंतर ती चटणी उखळात कुटायची. एवढ्या हत्यारांनी दाजींनी आजवर काय बनवलं असं विचाराल, तर हत्यारं. साधा पाट नाही की पोळपाट नाही.

मला हसायचा अधिकार नाही म्हणा. मी बल्ब बदलायला वायरमन बोलावणारा माणूस. हातोडीची ओळख खिळ्यापेक्षा माझ्या अंगठ्याशीच जास्त. पण दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायला हात कुठं लागतात? तोंड पुरतं, आणि ते आमच्या घराण्यात जन्मजात आहे.

आक्का गेली त्याला दीड वर्ष झालं. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून माझी बायको मागं लागली की दाजींना धाराशिवला आपल्याकडं आणा. तिनं खोली रिकामी केली, पलंग टाकला, खिडकीला पडदासुद्धा शिवला. दाजी नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "येतो की. हातातला शिकंजा तेवढा हुंदे."

शिकंजा म्हणजे लोखंडाचा तुकडा दोन जबड्यांत आवळून धरायचं हत्यार. दाजींचा शिकंजा भंगारातल्या जीपच्या जॅकपासून जन्माला येत होता. दर दोन रविवारांनी मी भरला डबा घेऊन जळकोटला जायचो आणि रिकामा डबा घेऊन परत यायचो. दाजी काही डब्यासोबत यायचे नाहीत.

"कुठवर आलं, दाजी?"

"थोडं ढिलं हाय."

"मागच्या खेपेलाबी ढिलंच होतं."

"मागच्या खेपेला डावीकडनं होतं, पाव्हणं."

"हा शिकंजा हाय का नंदीबैल? नुसतीच मान हलवतोय."

असं काही बोललं की दाजी कानस दुप्पट जोरानं घासायचे. मी घरी यायचो आणि बायको माझ्यावर कानस घासायची: "एक म्हातारा माणूस आणता येईना तुम्हाला. सासरहून मला बरं आणता आलं."

"सासरहून न्हाय, तुझ्या माहेरहून," मी म्हणायचो. पण तोवर ती स्वयंपाकघरात गेलेली असायची.

परवा गेलो तर शिकंजा टेबलाला पक्का बसवलेला. दाजींनी त्यात एक लोखंडी पट्टी धरली, दांडा आवळला आणि म्हणाले, "वढा."

मी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग भिंतीला पाय लावून ओढली. टेबल सरकलं, पट्टी जागची हलली नाही. दाजींच्या हातचं हत्यार पहिल्यांदाच हत्यारासारखं वागत होतं. माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं.

"दाजी, झकास झालाय."

 दाजींनी फडक्याला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. मग शेडच्या दारातल्या पायरीकडं बघत म्हणाले, "झकास. तुमची आक्का असं कदीच म्हणली न्हाय. पस्तीस वर्सं त्या पायरीवर बसून डाळ निवडली अन् रोज नावं ठेवली."

त्यांनी फडकं शिकंज्याच्या दांड्यावर टाकलं.

"मग आता धाराशिवला यायची पिशवी भरावी लागंल," ते म्हणाले. पण जागचे उठले नाहीत.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि शिकंज्यापाशी वाकलो.

"दाजी, ह्यो उजवा जबडा बघा. तिरका हाय."

"कुठं?"

"ह्यो काय. ह्यात धरलेली काकडीसुद्धा पळून जाईल. एवढी वर्षं हेच शिकलात व्हय?"

दाजी वाकले. दांडा थोडा मागं घेतला, थोडा पुढं. जबड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा जबड्याकडं.

"तिरकाच हाय की," ते म्हणाले. "समदं खोलावं लागंल."

"खोला. आन् ह्या बारीला तरी नीट करा."

मी जाऊन दारातल्या पायरीवर बसलो. दाजींनी पाना घेतला आणि एकेक नट सोडवायला सुरुवात केली. एकही सहज सुटत नव्हता. प्रत्येकाला दोन्ही हातांचा जोर लावावा लागत होता.