दोन व्हॉल्व्ह आणि एक ओटा

नाशिक शहरात खरे कान दोनच, आणि ते दोन्ही किशोर धात्रकांच्या डोक्याला बसवलेले आहेत, असं खुद्द धात्रकांचं ठाम मत होतं. बाकीच्या जनतेच्या कानांचा उपयोग चष्म्याच्या दांड्या अडकवण्यापुरता!

धात्रक सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. वय चोपन्न. दिवसभर प्रेस मशीनच्या धडधडाटात उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचं, की रेकॉर्डिंगमध्ये तंबोऱ्याची तिसरी तार किंचित रुसलेली आहे.

अशी माणसं एकेकटी सापडत नाहीत. त्यांचं मंडळ असतं. धात्रकांच्या मंडळाचं नाव ‘सुश्राव्य’. या मंडळात तरुण माणूस औषधालाही मिळायचा नाही. कारण सरळ आहे. पंचविशीत कान तिखट असतात, पण खिशात फक्त बसचं तिकीट असतं. साठीला खिसा भरतो, तोवर कान निवृत्त झालेले असतात. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर, वय एकाहत्तर. ते श्रवणयंत्र लावून ऐकायचे आणि “नव्या वायरीनं आवाजात काय ऊब आलीय!” म्हणून डोळे मिटायचे. विंचूरकडचे झुंबरशेठ द्राक्ष बागायतदार. त्यांचे स्पीकर कोल्ड स्टोरेजच्या दारांएवढे. ते घरात घ्यायला हॉलची भिंत पाडावी लागली, आणि त्या वर्षीची निम्मी द्राक्षं भिंतीतच गेली. आणि तिसरे डॉक्टर ललित गर्गे, वय एकसष्ट, जनावरांचे डॉक्टर. दिवसा म्हशीच्या पोटाला कान लावायचे, संध्याकाळी स्पीकरला. दोन्हीकडे त्यांना खर्ज महत्त्वाचा वाटायचा.

मंडळाला लेखी घटना नव्हती. पण एक कलम प्रत्येकाला पाठ होतं: वस्तू घरात न्यायची आणि किमतीतली शेवटची दोन शून्यं बाहेर ठेवायची, चपलांजवळ.

त्या कलमाला स्मरून धात्रकांनी तीन वर्षांपूर्वी व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर आणला होता. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ना काचेचे दिवे, तेच! आता तेच दिवे लावलेला डबा मोटारीच्या भावात मिळतो आणि त्याला ‘कलेक्टर्स पीस’ म्हणतात. किंमत तीन लाख. शुभांगीला, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी सांगितली तीन हजार.

“भद्रकालीच्या जुन्या बाजारात मिळाला. पाच म्हणत होता, तीनला पाडला!”

शुभांगीनं त्या दिवशी कौतुकानं शिरा केला होता. शिऱ्याच्या प्रत्येक घासाला धात्रकांना ठसका लागला. कारण ते तीन लाख स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी ठेवलेले होते. जुना ओटा मधोमध खचला होता. पोळी लाटायला घेतली की पोळपाट आपणहून बेसिनच्या दिशेनं चालायला लागायचा. “पैसे फिक्समध्ये अडकलेत, मोडले तर व्याज बुडेल,” असं सांगत धात्रकांनी तीन वर्षं काढली. आयुष्यात त्यांना भीती एकच उरली होती. ओट्याच्या पैशांचा ओटा झालेला नाही, डबा झालाय, हे शुभांगीला कळणं.

आणि नेमके एका रविवारी सकाळी डब्याचे दोन्ही व्हॉल्व्ह गेले!

धात्रक गॅलरीत जाऊन, तोंडावर हात धरून फोनवर बोलायला लागले. दबक्या आवाजात बोलायचं ठरवलं तरी कारखान्यातली सवय. त्यांचं कुजबुजणं कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही ऐकू जायचं.

“डॉक्टर, दोन्ही व्हॉल्व्ह गेले हो! ... नाही, आधी नुसती घरघर होती. काल धाप लागल्यासारखं झालं आणि आज बंदच! ... डावा जरा धुगधुगतोय, उजवा पार काळा पडलाय. ... ऐंशी हजार? ... करू काहीतरी. शुभांगीला नका बोलू हं! तिला धक्का सहन व्हायचा नाही.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत शुभांगी कढईला हात लावून उभी होती. तिच्या माहितीत व्हॉल्व्ह दोनच प्रकारचे. एक कुकरच्या झाकणातला आणि दुसरा तिच्या आत्येच्या यजमानांच्या छातीतला, जो मागच्या वर्षी मुंबईला जाऊन बदलून आणला होता. आपल्या नवऱ्याला कुकर दुरुस्त करायची बुद्धी होणार नाही, याची तिला खात्री होती.

तिनं कढईखालचा गॅस बंद केला. भजी रद्द झाली.

धात्रक आत आले तेव्हा टेबलावर दुधीचा रस ठेवलेला. समोर शुभांगी, डोळे लाल.

“अहो,” ती म्हणाली, “मला सगळं कळलंय.”

धात्रकांच्या पायाखालची फरशी सरकली.

“स... सगळं?”

“सगळं. गॅलरीत बोलत होतात ते ऐकलं मी. का लपवलंत माझ्यापासून?”

“तुला धक्का बसेल म्हणून गं...”

“किती दिवस चाललंय हे?”

“तीन वर्षं,” धात्रकांनी मान खाली घातली. “आधी थोडं थोडं होतं. मग वाढत गेलं.”

“आणि तुम्ही एकट्यानं सोसलंत!”

“सोसलं असं नाही,” धात्रक प्रामाणिकपणे म्हणाले, “मंडळातल्या सगळ्यांनाच आहे. झुंबरशेठचं तर माझ्याहून पुढे गेलंय.”

“अगं बाई! त्यांनाही?” शुभांगीनं पदर तोंडाला लावला. “ते काही नाही. व्हॉल्व्ह बदलायचे. ऐंशी हजार तर ऐंशी हजार! ओट्याचे पैसे मोडा. ओटा काय, कुठं पळून चाललाय?”

धात्रक बघतच राहिले. ज्या बाईच्या भीतीनं तीन वर्षं सुखाची झोप नाही, ती बाई ओट्यावर पाणी सोडून व्हॉल्व्ह घ्या म्हणतेय! यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून तिच्या डोळ्यांत आलं. दोघांनी मिळून दुधीचा रस संपवला. धात्रकांनी लगेच गर्गे डॉक्टरांना कळवलं: ‘बायकोला सगळं सांगून टाकलं. तिनं माफ केलं. उद्या माल घेऊन घरी या!’

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. चांदवडहून शुभांगीचा भाऊ मल्हारी आला होता. कांद्याचा व्यापारी, शरीरानं दोन पोती उभी ठेवल्यासारखा. आल्याआल्या त्यानं दाजींच्या पायांशी बसकण मारली आणि मांडीवर पिशवी ठेवली.

“दाजी, बिलकूल काळजी करायची नाय. कांद्याची पट्टी आत्ताच आलीय, पैसा लय हाय. व्हॉल्व्ह टाकायचा तर भारीतला टाका. परदेशी टाका!”

“मल्हारी!” धात्रकांनी त्याचे दोन्ही हात धरले. “तुला यातलं कळतं?”

“कळत नाय, पण बहिणीचा संसार हाय ना! समदा गाव तुमच्यासाठी देवळात बसलाय.”

म्हणजे चांदवडपर्यंत संगीत पोहोचलं! चांगल्या आवाजासाठी अख्खं गाव देवळात बसलेलं बघायला मिळेल, असं मंडळाच्या कुठल्याही सभासदाला स्वप्नातही वाटलं नसतं. धात्रकांना वाटलं, आपण एक पिढी आधी जन्मलो असं समजत होतो, चुकलं आपलं.

फक्त काही गोष्टींचा उलगडा होत नव्हता. शुभांगीनं कारखान्यात फोन करून रजा का टाकली? आमटीत मीठ का नाही? आणि खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई शहाळं घेऊन आल्या, त्यांनी “अजून हिंडताफिरताय, केवढी हिंमत!” असं का म्हटलं? संगीताला हिंमत लागते हे खरं, पण विमलाबाईंना ते कसं माहीत?

संध्याकाळी गर्गे डॉक्टर आले. हातात थर्माकोलचा डबा. जनावरांच्या लशी न्यायचा डबा रिकामा होता, त्यातच त्यांनी व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून आणले होते. शुभांगीनं डबा बघितला आणि सोफ्याचा हात घट्ट धरला. धात्रकांना तिनं मघाशीच आतल्या खोलीत सक्तीनं आडवं केलं होतं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “काही लपवू नका. टिकतील ना हो?”

“टिकतील म्हणजे? वहिनी, जुना सांगाडा आहे, दणकट आहे! बोर्ड सगळा शाबूत. फक्त व्हॉल्व्ह पडलेत. हे टाकले की आणखी तीस वर्षं गातील.”

“नवे आहेत ना हे?”

“छे, छे! नव्यात काय राम आहे? वापरलेलेच चांगले असतात. हे जर्मन आहेत, एकोणीसशे साठचे. देवळाली कॅम्पात एक म्हातारे साहेब होते, ते वारले. मुलांनी त्यांचे काढून विकले.”

“बापाचे काढून विकले?” शुभांगी किंचाळली.

“दोन्हीही! उगाच ठेवून करायचं काय?”

मल्हारी इतका वेळ डॉक्टरांच्या तोंडाकडे एकटक बघत होता. तो एकदम उभा राहिला.

“थांबा! तुम्ही गर्गे ना? आमची पांढऱ्या कपाळाची म्हैस अडली व्हती, तवा तुम्हीच आल्ते! ताई, हे तर ढोरांचे डॉक्टर!”

“हो, मग?” गर्गे थंडपणे म्हणाले. “तो माझा धंदा, हा माझा छंद.”

“छंद?” मल्हारीनं बाह्या वर केल्या. “आणि हे बसवणार कोण?”

“मीच. त्यात काय आहे? जुना ओढून काढायचा, नवा दाबून बसवायचा. दोन मिनिटांचं काम. इथंच, या टीपॉयवर.”

“आणि भूल?” शुभांगीनं रडत विचारलं.

“भूल कशाला? मेन स्विच बंद केला की झालं. मात्र आत हात घालताना जपावं लागतं, एकदा झुंबरशेठनं घाई केली आणि तीन फूट मागे उडाले!”

मल्हारीनं डॉक्टरांची कॉलर धरली. “माझ्या दाजीला हात लावून दाखव! तुझा स्विच मी बंद करतो!”

आतून हे सगळं ऐकणारे धात्रक चादरीसकट बाहेर धावले. “अरे सोड त्याला! फुटतील! ऐंशी हजारांचे आहेत!”

“दाजी, पळू नका! छातीवर ताण येईल!”

“छातीवर? छातीचा काय संबंध?”

झटापटीत डब्याचं झाकण उडालं. गर्ग्यांनी कापसातून बोटभर उंचीचा काचेचा दिवा काढून उंच धरला, समईची ज्योत जपावी तसा.

“हा...” मल्हारीनं दिव्याकडे बघितलं, मग दाजींच्या छातीकडे. “हा छातीत बसवणार?”

“छातीत कशाला?” गर्गे ओरडले. “अँप्लिफायरमध्ये!”

शुभांगी हळूहळू सोफ्यावर बसली. मग एकदम हसली. देवाला हात जोडले, विमलाबाईंचं शहाळं स्वतःच पिऊन टाकलं. “म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही! त्या रेडिओला झालंय! अगं बाई गं!”

धात्रकांना तेव्हा उमगलं. तिला काहीही कळलेलं नव्हतं! अजूनही निसटता येणार होतं. त्यांनी गर्ग्यांना डोळ्यानं खुणावलं, भुवयांनी खुणावलं, शेवटी चादरीच्या टोकानं खुणावलं. पण गर्गे डॉक्टर कॉलर नीट करण्यात आणि मनातला आदर व्यक्त करण्यात गुंतलेले.

“वहिनी, काही म्हणा, तुमच्यासारखी बाई लाखात एक. लाखात कसली, तीन लाखांत एक! ओट्याचे तीन लाख नवऱ्यानं डब्यात घातले आणि तुम्ही माफ केलंत! आमच्या तृप्तीला कळलं असतं तर मला गोठ्यात झोपवलं असतं.”

त्यानंतर जी शांतता पसरली, तशी शांतता तीन लाखांच्या अँप्लिफायरमधूनही कधी ऐकू आली नव्हती.

“दाजी,” शेवटी मल्हारी म्हणाला, “छातीतला गेला असता तर बरं झालं असतं ना?”

शुभांगीनं संथपणे पदर खोचला. धात्रकांना त्याचीच जास्त भीती वाटली.

“मल्हारी, पैशांची पिशवी उचल. डॉक्टर, हा रेडिओचा डबा तुम्हाला आवडतो ना? घेऊन जा. तीन लाख.”

“तीन? वहिनी, तो वापरलेला आहे!”

“वापरलेलेच चांगले असतात ना? आणि वर एक चिमणी.”

“पक्ष्यांचं मी बघत नाही,” गर्गे गोंधळून म्हणाले.

“स्वयंपाकघरातली! धूर ओढणारी. घरी तृप्तीताईंना किती सांगणार आहात?”

गर्ग्यांचा चेहरा दुभत्या म्हशीनं लाथ मारल्यासारखा झाला. “तीन हजार.”

“मग चिमणी बसवून द्या. म्हणजे मलाही तीन हजारच आठवतील.”

दिवाळीच्या आत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा झाला. पोळपाट ठेवला तिथं राहायला लागला. वर ऐटदार चिमणी. धात्रक त्या ओट्याशी नारळ खवत उभे असताना एकदा तृप्तीताईंचा फोन आला. शुभांगीनं तो स्पीकरवर टाकला.

“शुभांगीताई, खरं सांगा हं. आमच्या ह्यांनी तुमच्याकडून तो रेडिओ आणला, तो कितीला?”

“तीन हजार,” शुभांगी पोळी उलटत म्हणाली. आवाज स्थिर, श्वास संथ, मधे तसूभर पॉज नाही. “हे पाच म्हणत होते. मीच म्हटलं, घरचेच आहेत डॉक्टर, तीनला द्या!”

फोन बंद झाला. खोबरं खवता खवता धात्रकांचा हात थांबला. इतकी सफाई एका दिवसात येत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. त्यांच्या डोळ्यांसमोर आतल्या खोलीतलं कपाट उभं राहिलं, आणि कपाटात येवल्याच्या पैठण्यांची ती रांग. सगळ्या मैत्रिणीच्या ओळखीनं, सगळ्या सेलमध्ये, सगळ्या पडेल भावात!

“शुभांगी,” त्यांनी जपून विचारलं, “ती तुझी मोरांच्या पदराची पैठणी... ती कितीची म्हणाली होतीस गं?”

शुभांगीनं त्यांच्याकडे बघितलं, गोड हसली, आणि चिमणी फुल्ल स्पीडवर सुरू केली.