दोनशे सातची मुलाखत

हॉटेल शुभांगणच्या खोल्या भाडेकरूंची मुलाखत स्वतः घेतात. माझी दोनशे सातने घेतली.

हॉटेलला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. म्हणून मालकांनी ते नोकरीधंदा करणाऱ्या तरुणांना महिन्याच्या बोलीवर द्यायचं ठरवलं. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. खोल्यांनी एकच अट घातली: आजवर जो आला त्याला घेतलं, आता निवड आम्ही करणार. मालकांना ते रास्त वाटलं. मुलाखत इंटरकॉमवर होई आणि मॅनेजर पाठारेकाका ती रजिस्टरमध्ये लिहून घेत. तीन खोल्यांनी नकार दिला की अर्ज बाद.

मला दोन नकार आले होते. दोनशे तीनने शिक्षण विचारलं. मी आठवी म्हणालो, तर ती "आपल्याला कळवू" म्हणाली. दोनशे पाचपुढे मला बोलताच आलं नाही. मी सातपूरला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो आणि तेव्हा तिथल्याच माळ्यावर झोपायचो. तो माळा महिनाअखेर पाडणार होते.

काकांच्या ऑफिसबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक इंजिनीअर बसला होता. त्याला खोलीने घोरता का, असं विचारलं होतं. "म्हटलं, मला कसं कळणार? पंधरा दिवसांनी तुम्हीच सांगा," तो म्हणाला. त्याची निवड झाली होती.

मग माझं नाव पुकारलं. मी दाराबाहेर चपला काढल्या आणि आत गेलो.

"वाल्मीक, चपला घाल आधी," काका म्हणाले. "हॉटेल आहे हे. मुलाखतीला अनवाणी येतात का?"

मी ओशाळलो. परत वळलो, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी स्पीकर चालू केला.

"राहू द्या त्यांना तसंच," दोनशे सात म्हणाली. "काका, मला किती वर्षं झाली?"

"बावीस."

"बावीस वर्षांत बाहेर चपला काढून कुणी आत आलं?"

काकांनी जुनी पानं चाळली. "तशी नोंद नाही."

"मग आज करा."

मला तिने काहीच विचारलं नाही. काकांनी शिक्षणाचा रकाना कोरा ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्याला आता चौदा महिने झाले. मला आभार बोलून मानता येत नाहीत, म्हणून पहिल्याच रविवारी मी तिच्या पंख्याचं बेअरिंग बदललं. तो बरीच वर्षं कुरकुरत होता.

सकाळी कामावर निघताना मी घरच्या सवयीने "येतो" म्हणतो. सुरुवातीला ती तिच्या सवयीने फोनवर म्हणायची, "आमच्याकडे उतरल्याबद्दल धन्यवाद."

आता म्हणते, "ये. डबा घेतलास ना?"