शमुवेलरावांनी मागितलेला ब्राह्मण

शमुवेलराव साळवे कोणाच्याही दारात उभे राहिले की आधी घरातल्या वस्तू मोजत. कलकत्त्यात गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरांत ते आमच्या समोरच राहत. नगरकडचे ख्रिस्ती, डोक्यावर साहेबी टोपी, एकटा जीव. मान आत घालून बोट दाखवत, "लेलेबाबू, छत्र्या दोन आहेत ना? एक द्या."

छत्री जायची सियालदह स्टेशनात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली माणसं तिथं फलाटावरच संसार मांडून होती. गेलेली वस्तू परत येत नसे. माझे जोडे गेले, धोतर गेलं, पाहुण्यांची गादी गेली. शमुवेलराव जिन्यात दिसले की माझी बायको सरस्वती दुसरी कढई पलंगाखाली ढकलायची. "एक दिवस हा माणूस तुम्हालाच उचलून नेईल, बघा," असं ती म्हणे.

एका रविवारी ते प्रार्थनेहून थेट आमच्याकडे आले. सुटात घामाघूम.

"लेलेबाबू, घरात ब्राह्मण दोन आहेत ना? एक द्या."

माझा चहाचा कप धोतरावर कलंडला.

"एक म्हातारी आहे हो फलाटावर. ब्राह्मणाची विधवा. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. परक्या जातीच्या हातचं घेत नाही. मरेल हो ती!"

सरस्वतीनं कळशी भरून माझ्या हातात दिली. मी मूळचा संशयी. ट्राममध्ये कळशी पोटाशी धरून विचारलं, "खरं सांगा, म्हातारीला बाटवायचा बेत आहे ना?"

त्यांनी टोपी मागं सारली. "बाटवायचं असतं तर पाणी मीच नसतं का पाजलं? ती बाटू नये म्हणून तर तुम्हाला नेतोय. शर्टाची बटणं उघडा. जानवं दिसू दे."

मी बटणं उघडली.

सियालदहला जे पाहिलं त्यानं मी हादरलो. पाय ठेवायला जागा नाही, इतकी माणसं जमिनीवर. तान्ही पोरं रडायचीसुद्धा थांबली होती. म्हातारी खांबाला टेकून होती, ओठ फुटलेले. शमुवेलराव वीस हात अलीकडेच थांबले.

"चला ना!" मी खेकसलो.

"नको. माझी सावली पडली तर पुन्हा तोंड मिटेल."

म्हातारीनं डोळे उघडले. "बाबा, तोमार गोत्र की?"

प्राण कंठाशी आलेले, आणि बाई गोत्र विचारते! "काश्यप," मी म्हणालो आणि तिची लोटी भरली. ती प्यायली. पुन्हा प्यायली. मग हात माझ्या डोक्यावर ठेवला, "बेंचे थाको, बाबा." जगत राहा, म्हणाली.

परतताना मी उसळलो. "तुम्हाला राग कसा येत नाही हो? खस्ता तुम्ही खायच्या आणि आशीर्वाद माझ्या टाळक्यावर!"

"राग कसला? माझी आजी गावच्या विहिरीपासून लांब, उन्हात उभी राहायची. कोणाला दया येईपर्यंत. आमच्या घराला तहान ठाऊक आहे. प्रभूलाही ठाऊक आहे. पाजणारा हात कोणाचा, ते तो विचारत नाही."

घरी पोचलो. त्यांचा आवाज बसला होता. मी सहज म्हटलं, "या आत, पाणी घ्या." म्हटलं, आणि माझ्याच काळजात चर्र झालं. चार वर्षांत हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते. हा माणूस रोज दारात यायचा आणि आम्ही त्याला कधी साधं पाणी विचारलं नव्हतं. फार लाज वाटली.

मी तांब्या आणला. शमुवेलरावांनी टोपी काढून ठेवली, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"अहो, हे काय!" सरस्वती ओरडलीच. तिनं तांब्या माझ्याकडून ओढून घेतला, पेला भरला आणि त्या ओंजळीत ठेवला.

ते पेल्याकडे बघत बसले. एवढंसं पाणी, पण प्यायला त्यांना फार वेळ लागला.