आबाजीरावांचा चार्ज

ठाण्याच्या कचेरीत नोकरीला लागलो त्या दिवशी मी पहिलंच वाक्य बोललो आणि फसलो. भाषांतराच्या खोलीत शिरलो, समोर गादीवर बसलेल्या गृहस्थांना नमस्कार केला आणि म्हणालो, "मी विनायक जोशी. इथला चार्ज घ्यायला आलोय."

गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली. चष्मा कपाळावर चढवला.

"कोणता?"

"जी?"

"चार्ज हो. कोणता घेणार? आरोप घेता येत नाही, तो ठेवतात. बंदुकीतला घेतलात तर कचेरी उडेल. भाडं म्हणाल तर ते घेतात खरं, पण तुम्ही टांगेवाले दिसत नाही. राहता राहिला जबाबदारीचा. तो घ्यायला आला असाल तर बसा. पण बसण्याआधी विचार करा."

मी विचार न करताच बसलो. पुढचा पाऊण तास ते बोलत होते. माझं टेबल कुठलं, दौत कुठली, काम काय, यातलं काहीही मला त्या दिवशी कळलं नाही. चार्ज या शब्दाचे अकरा अर्थ मात्र कळले.

हे आबाजीराव कारखानीस. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, पागोटं नेहमी डाव्या कानावर झुकलेलं. इंग्रजी उत्तम. साहेबाचं कसलंही गुंतागुंतीचं वाक्य त्यांच्यापुढे टाकावं, ते त्याचे पदर सोडवून सरळ मराठीत मांडून देत. पण वाक्यात हा एक शब्द आला की गाडं अडलंच. मग तीन वेळा वाचन, दोन कोशांत शोध, आणि शेवटी कागद घेऊन ते स्वतः साहेबाच्या दाराशी. "साहेब, हा चार्ज कोणता?" शिरस्तेदार डोकं धरून बसत. एकदा ते म्हणाले, "आबाजीराव, अहो खुनाचा खटला आहे. यात दुसरा कोणता असणार?"

"असेल एखादे वेळी," आबाजीराव शांतपणे म्हणाले. "विचारायला काय जातं?"

त्यांच्याजवळ लाल कापडात बांधलेली एक जाड वही होती. या एका शब्दाची. न्यायाधीश पंचांना समजावून सांगतो तो चार्ज एका पानावर, पाद्र्याच्या ताब्यातली वस्ती दुसऱ्यावर, दारूगोळा तिसऱ्यावर. शब्द मुळात कुठून आला हे त्यांना बरेच दिवस सापडत नव्हतं. शेवटी देवळापलीकडच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना गाठलं. त्यांना लॅटिन येई आणि पोर्तुगीजही. ते म्हणाले, "अगदी सोपं आहे. जुन्या रोमन लोकांची गाडी असे, तिचं नाव कारुस. गाडीवर माल लादणं, ते हे. आमच्या पोर्तुगीजमध्ये अजून ओझं लादण्याला तोच शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी आबाजीरावांनी अख्ख्या कचेरीला पेढे वाटले. शिपाई विचारू लागले, मुलगा झाला का? आबाजीराव म्हणाले, "गाडी सापडली!" त्यावर कुणी विचारलं, कधी चोरीला गेली होती?

मग त्यांना घोडदळाचा चार्ज प्रत्यक्ष पाहायची हौस आली. नौपाड्याच्या वाटेवर पेन्शनीत निघालेले एक सुभेदार राहत. त्यांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर अंगणात उभं केलं. सुभेदारांनी छत्री तलवारीसारखी उगारली. पण एकट्या माणसावरून घोडदळाची कल्पना येईना, म्हणून आबाजीराव आणि मी मागे घोडे झालो. सुभेदारांनी आरोळी ठोकली आणि आम्ही तिघे सुसाट निघालो ते थेट काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवरून.

काकू म्हणजे आबाजीरावांच्या पत्नी. बाहेर येऊन त्या काही वेळ चुरा बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "विनायकराव, सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. या शब्दाशी मी कशी भांडू?"

आबाजीराव मात्र भिंतीला टेकून, धापा टाकत वहीत लिहीत होते.

याच काकू एके दिवशी वेगळ्याच चेहऱ्याने माझ्या बिऱ्हाडी आल्या. बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दर रविवारी हे कुठे जातात, तुम्हाला ठाऊक आहे?"

"पाद्रीबाबांकडे ना? शब्दासाठी?"

"मीही तेच समजत होते. पण कोळणी सांगतात, हे क्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या वस्त्यांतून हिंडतात आणि एका बाईची चौकशी करतात. फिलूबाय म्हणून कुणी. एक वर्ष नाही, कितीतरी वर्षं." त्या दाराकडे वळल्या. "मी विचारणार नाही. तुम्ही विचारा."

मी काय विचारणार! पण पुढच्या रविवारी सकाळी मी खाडीच्या वाटेवर मुद्दाम त्यांना आडवा गेलो. मला पाहून ते दचकले नाहीत. उलट म्हणाले, "बरं झालं आलात. आज सोबत हवीच होती. गेल्या खेपेला एकीनं खेकड्यांची टोपली अंगावर उपडी केली."

"कुणी?"

"फिलूबायनं. पण ती ती नव्हे. या मुलखात फिलूबाय थोड्या का आहेत? मला आतापर्यंत पाच भेटल्या. काल पाद्रीबाबांनी सहावी सांगितली. मिठागरापलीकडे राहते, पूर्वी साहेबाकडे आया होती म्हणे."

भातशेतांच्या बांधावरून आम्ही चाललो होतो. ते पुढे, मी मागे. काकूंचं नाव न घेता मी विचारलं, "आबाजीराव, ही बाई तुमची कोण?"

ते चालत राहिले. मग मागे न वळता त्यांनी सांगितलं.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रेल्वेचं काम तेव्हा कल्याणच्या पुढे घाटाकडे सरकत होतं आणि आबाजीराव कल्याणला एका कंत्राटदार शेटजींच्या कोठीवर मुनशी होते. नवं इंग्रजी शिकलेले, सगळ्या कोठीत तेवढे एकच. शेटजींच्या सुनेला बाळासाठी आया हवी होती. एक तरुण क्रिस्तांव बाई आली. तिच्याजवळ मडमेनं दिलेली इंग्रजी चिठ्ठी होती. सेठाणीनं, म्हणजे शेटजींच्या बायकोनं, ती आबाजीरावांपुढे टाकली, वाच म्हणाली.

"पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, माझ्या घरी हिच्यावर भारी चार्ज होता. मला चार्जचा एकच अर्थ येत होता, विनायकराव. आरोप. मी म्हणालो, हिच्यावर मोठा आरोप होता. सेठाणीनं बाईला उभ्याउभ्याच बाहेर काढलं. खालच्या ओळी बारीक अक्षरात होत्या. मी त्या वाचल्याच नाहीत. वाचायची गरज काय, मला सगळं कळलं होतं!"

ते थांबले. बांधावर उकिडवे बसले.

"एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मी परोपकारी. पुढच्या माणसाला इंग्रजीचा त्रास नको म्हणून चिठ्ठीच्या पाठीमागे मोडीत स्वच्छ लिहून दिलं, आरोप असलेली बाई. ती बिचारी मला हात जोडून गेली. तिला वाटलं, मी शिफारस लिहिली."

ते बांधावरचं गवत उपटत राहिले.

"पुढे इथे ठाण्यात एका खटल्यात जज्जसाहेब एका पोरक्या मुलाबद्दल बोलताना म्हणाले, हा मामाचा चार्ज आहे. मला हसू आलं, मुलगा कसा आरोप असेल? कोश उघडला. तिथे जबाबदारी असाही अर्थ निघाला. आणि मग..." त्यांनी हाताने पुढचं वाक्य झटकून टाकलं. "उठा. ऊन चढेल."

मिठागराच्या पलीकडच्या कडेला चार-पाच झोपड्या होत्या. त्यातल्या एकीच्या दारात एक बाई पाय पसरून बसली होती. केस पिकलेले, पायांना मिठाने पडलेल्या भेगा. आत भिंतीवर मरियमबाईची तसबीर.

"फिलूबाय आपणच का?" आबाजीरावांनी विचारलं. "पूर्वी मडमेकडे आया होतात त्या?"

"व्हय. काय पायजे?"

"मडमेनं दिलेली चिठ्ठी आहे अजून?"

ती हसली. "हाय की. पन ती चिठी काय कामाची नाय, रावसाब. कल्यान, ठाना, वांद्रा, समदीकडं नेली. जो वाचील तो दार लावी. मग मी नेयाची सोडली. मीठ वाहयला चिठी लागत नाय." तरी ती उठली आणि तसबिरीच्या मागून घडी केलेला पिवळा कागद घेऊन आली.

आबाजीरावांनी तो आधी उलटा केला. मागची मोडी ओळ मलाही दिसली, वळणदार, टाकाच्या एकाही फराट्याची चूक नसलेली. मग त्यांनी कागद सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि एकेक वाक्य आधी मनात वाचून मोठ्याने मराठीत सांगू लागले.

"फिलोमेना हिच्यावर माझ्या घरी फार मोठी जबाबदारी होती. माझी दोन्ही मुलं एकदम गोवरानं पडली. मीही अंथरुणाला खिळले होते. ही सतरा दिवस त्यांच्या उशापासून हलली नाही. मोठा मुलगा वाचला तो हिच्यामुळे. धाकटी एमी गेली. शेवटच्या दिवशी एमी मला हाक मारत नव्हती, फिलूला मारत होती. तेव्हा मला हिचा राग आला. आज देवाचे आभार मानते की माझी मुलगी जाताना हिच्या मांडीवर होती. ज्या घरात ही जाईल त्या घरानं हिला जपावं."

फिलूबाय हलली नाही.

"मडमेनं लिवलंय? ह्ये समदं?"

"हो."

"एमीबाबीचं नाव हाय त्याच्यात?"

आबाजीरावांनी बोट ठेवून अक्षरं दाखवली. तिने त्या जागेला हात लावला नाही, फक्त वाकून पाहिलं.

"मंग लोकांनी दारं का लावली?"

मी आबाजीरावांकडे पाहिलं. इथे त्यांना गप्प राहता आलं असतं. बाईला मोडी येत नव्हती आणि मी काही बोलणार नव्हतो. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मागे मी लिहिलं म्हणून. कल्याणच्या कोठीतला मुनशी मीच. एका शब्दाचा अर्थ मला येत नव्हता. तुमच्यावर आरोप होता असं मी लिहिलं, आणि इंग्रजी सोडून सगळे तेच वाचत गेले."

 मग तिने जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. ती काही ओरडली नाही. कुठल्या साली कुठल्या घरून परत आली, नवरा आजारी असताना कुठल्या दारात किती वेळ उभी राहिली, एवढंच एकामागून एक सांगत गेली. आबाजीराव मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी "पण" म्हटलं नाही.

ती थांबली तेव्हा ते म्हणाले, "मी दुसरी चिठ्ठी लिहून देतो. साहेबांशी बोलतो. इस्पितळात काम..."

"आता कोन ठेवील मला? पोर उचलायची त पाठ नको?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "परत वाच."

त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. एमीच्या ओळीपाशी आले की ती हात वर करी आणि तेवढी ओळ पुन्हा सांगायला लावी. तिसऱ्या वेळी तिने डोळ्याला पदर लावला. आबाजीरावांनी वाचणं थांबवलं नाही.

"मडम जिती आसंल का रे?"

"कोण जाणे. पण चिठ्ठीवर तिच्या विलायतेतल्या गावाचं नाव आहे. लिहून पाहू."

"मंग लिव."

आबाजीराव दौत-टाक नेहमी जवळ बाळगत. गुडघ्यावर कागद घेऊन बसले. फिलूबाय सांगू लागली. बाबीची कबर कल्याणला हाय. मी दर नाताळाला जाते. गवत काढते. एक साल ताप होता तवा नाय गेले, त्याची माफी कर. थोरल्या जॉनबाबाला मिशी फुटली आसंल, त्याला सांग फिलूची याद ठेव.

एरवी साहेबांचे मसुदे एका झपाट्यात उतरवणारे आबाजीराव त्या दिवशी प्रत्येक वाक्यापाशी थांबत. इंग्रजीत लिहिलेलं पुन्हा मराठीत करून तिला ऐकवत. "असंच म्हणायचंय ना, फिलूबाय? मी माझं काही घातलं नाही ना?" ती मान हलवी तेव्हाच ते पुढच्या वाक्याला हात घालत. एका जागी त्यांनी "कबरेची देखभाल करते" असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "तसा नको लिवू. मी बाबीशी बोलत बसते, तसा लिव." त्यांनी ती ओळ खोडून दुसरी लिहिली.

मजकूर संपला. तिने खाली बोटाएवढी फुली काढली. आबाजीराव कागद फुंकून वाळवू लागले तशी ती म्हणाली, "तुझं नाव?"

"माझं कशाला? पत्र तुमचं."

"लिवनाराचा नाव पायजे," फिलूबाय म्हणाली. "वाचनाऱ्याला समजू दे, कोनी लिवलंय."

आबाजीरावांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. फुलीच्या खाली, शाळेतल्या मुलासारख्या मोठ्या अक्षरांत, त्यांनी आपलं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. मग गाव लिहिलं. मग कचेरीचा पत्ताही लिहिला.