जपानचा मिसो आणि मायचा घट

आमच्या झरी गावात जपान पाहिलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! सूर्यभान! ही गोष्ट मी दहा वर्षं गावाला सांगत होतो आणि दहा वर्षं गाव पोट धरून हसत होतं.

लढाई संपल्यावर आमची पलटण जपानात नेऊन ठेवली होती. मी पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. छावणीच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी राहायची. तिला माझी भाषा कळेना, मला तिची. पण चुलीपुढं बसलं की दोघांचं भागायचं. तिनं मला मिसो शिकवला. उकडलेलं कडधान्य, मीठ आणि मुद्दाम बुरशी आणलेला भात एकत्र कुटायचा आणि मडक्यात सहा महिने दडपून ठेवायचा. त्याचा खारट, तपकिरी, मऊ गोळा होतो. त्यात आलं किसायचं, थोडं आंबट, थोडं गोड, थोडं तेल घालून फेटायचं आणि कच्च्या काकडी-मुळ्यावर ओतायचं. अहाहा! बोटं चाटताना नखं झिजतील!

गावी आलो आणि पारावर हे सगळं सांगितलं. समोर माणिकराव. गावातल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द यांचा. स्वतः सेलूच्या कापूस बाजारापलीकडे कधी गेले नाहीत.

"पुरावा काय आनलास?" त्यांनी विचारलं.

कागदाचा एक सुरेख पंखा आणला होता. पण मायनं त्यानं चुलीला वारा घातला, आणि पंखा चुलीतच गेला. मग मी दोन वाक्यं जपानी बोलून दाखवली.

"हे तं तेलुगू हाय!" माणिकराव म्हणाले. "नांदेडच्या पाहुन्याकडून ऐकलंय म्या. सूर्यभान, तू पुन्याला भांडे घासत बसला असशील, अन् इथं आमाला जपान दाखवायलास!"

झालं! त्या दिवसापासून माझं नाव जपान्या. पोरं तर पोरं, आमच्या घरी दूध घ्यायला येणाऱ्या बायाही "जपान्याची म्हैस" म्हणू लागल्या. त्या बिचाऱ्या म्हशीनं तर समुद्रही पाहिला नव्हता!

शेवटी, आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या चैत्रात, मी ठरवलं. मिसो करायचा आणि गावाच्या जिभेवरच पुरावा ठेवायचा! म्हातारीचं कडधान्य आमच्याकडे मिळेना, म्हणून हरभरे घेतले. तांदूळ सणावारी खायचा, त्याला बुरशी कोण आणू देणार? म्हणून ज्वारी घेतली. ज्वारी वाफवली, घोंगडीत गुंडाळली आणि तिसऱ्या दिवशी उघडली. वर पांढरी लव आली होती, सशाच्या पाठीसारखी.

दैवशाला, म्हणजे आमची बायको, नाकाला पदर लावून उभी. "अगं बाई! हे खायचं हाय?"

"खायचंच!"

"मग म्या माहेरी जाते."

पण तिला जाता येईना. माय माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला राणीसावरगावला गेली होती. तिथं झालं जुळं! मायचा मुक्काम एका लेकरापुरता ठरलेला, तो दुप्पट झाला. तेव्हा घर आणि म्हैस दैवशालाच्याच गळ्यात. मी हरभरे, ज्वारी, मीठ कुटून एका नव्या कोऱ्या मडक्यात दाबलं, तोंडाला फडकं बांधून वर पीठ लिंपलं, आणि देवघराच्या कोपऱ्यात मातीचा ढीग करून त्यात मडकं गळ्यापर्यंत पुरलं. घरात सगळ्यात थंड जागा तीच, आणि देवाजवळच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, हा हिशेब! एवढा शहाणपणा एकदम करू नये माणसानं.

भादव्यात परभणीच्या शेती खात्याचे दिनकरराव गावात आले. म्हणाले, "एक जपानी साहेब आपला कापूस पाहायला येणार आहेत. नवरात्रात, सातव्या माळेला. त्यांच्या जेवणाचं कोण बघेल?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर! "आमच्या घरी! साहेबांना त्यांच्या देशाची चव देतो!"

माणिकराव पारावरून उठलेच. "आता निकाल लागू द्या. साहेबानं चव वळखली, तं तू जपानला गेला होतास हे सारं गाव मानंल. न्हाई वळखली, तं झरीत पुन्ना जपानचं नाव काढायचं न्हाई. हाय का कबूल?"

"कबूल!" मी ओरडलो. बोलून गेलो आणि मग कळलं, काय पणाला लावलं ते. जपानच्या गोष्टी काढून घेतल्या, तर माझ्याजवळ उरतं काय? म्हैस!

घटस्थापनेच्या सकाळी मी दिनकररावांना भेटायला आणि चांगलं ताजं अद्रक आणायला परभणीला गेलो. दैवशाला घटासाठी काळी माती आणायला शेतात गेली. आणि आदल्या संध्याकाळी राणीसावरगावहून परतलेली माय घरात एकटी!

दुपारी मी परत आलो. दारातच उदबत्तीचा वास. माय हसतमुखानं पुढं आली. "ये सूर्यभान, दर्शन घे! तुझी बायको लय गुनाची निघाली. नवं मडकं मातीत बसवून, तोंड बांधून तयारच ठिवलं होतं!"

मी कोपऱ्यात पाहिलं. माझ्या मिसोच्या मडक्यावर विड्याची पानं! पानांवर नारळ! भोवतीच्या मातीत गहू-ज्वारी पेरलेली, वर पहिली माळ लटकलेली आणि समोर दिवा! दैवशाला मातीची पाटी घेऊन भिंतीशी उभी होती आणि हसू दाबता दाबता लाल झाली होती.

"माय, यात मिसो हाय!"

"कोन हाय?"

"हरभऱ्याचा... खायचा पदार्थ हाय गं!"

"मग दसऱ्याला खा. बसलेला घट हलवायचा नसतो."

"अगं, पाहुना सातव्या माळेला यायलाय!"

"त्याला म्हनावं दसऱ्यालाच ये. सोनंबी लुटता यील."

मी धावलो बायनाबाईंकडे. गावातल्या सगळ्या सणावारांच्या कायद्याचं कोर्ट म्हणजे बायनाबाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "घट हलवतोस? साऱ्या गावाला साडेसाती लावतोस व्हय रे?" संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे! माणिकराव, ज्यांनी दहा वर्षांत आमची पायरी चढली नव्हती, ते रोज सकाळ-संध्याकाळ दर्शनाला येऊ लागले. हात जोडायचे, नारळ जागेवर आहे का पाहायचे, माझ्याकडे बघून मिशीत हसायचे आणि जायचे.

त्यात आणखी एक भानगड झाली. घटाभोवतीचं धान उगवलं, तिन्ही बाजूंनी कसं हिरवंगार! पण समोरच्या बाजूला एक टक्कल. एक कोंब नाही! गावभरच्या बाया बघायला येऊन मायला म्हणू लागल्या. "कस्तुराबाई, काही चुकलं काय वो?" "यंदा कापूस हातचा जातो बगा!" मायच्या तोंडचं पाणी पळालं. मला कारण दिसत होतं. मडक्याच्या गळ्याला, मातीच्या वर, बारीक चीर गेली होती आणि मिसोचं खारट पाणी थेंब थेंब तिकडंच झिरपत होतं. मिठात गहू कसा उगवेल? पण सांगू कसं? माय रोज भक्तीनं ज्याची आरती करते, ते बुरशीचं मडकं आहे म्हणून?

सहाव्या माळेला दैवशालाच म्हणाली, "मडकं सोडा आता. तशीच चव आपल्या घरात कशाची येती, ते सांगा."

"तशी चव कुठं नसती!"

"खारट, आंबूस, खमंग, हेच ना? आमी काय चिखल खातो इथं?"

आम्ही चुलीपुढं बसलो. हुलग्याचं कढण आटवून आटवून घट्ट केलं, रंग तर हुबेहूब जमला. त्यात शिळी, आंबलेली आंबील. चिंच, गूळ, करडीचं तेल. मी चव घेतली. "अद्रक कमी!" अद्रक घातलं. "अजून!" अजून घातलं. तिसऱ्यांदा मी "अजून" म्हणालो आणि दैवशालानं उरलेली सगळी गड्डीच किसून ओतली. चाखलं मात्र, कानातून वाफा! मी रांजणाकडे पळालो, आणि तांब्या न शोधता तोंडच आत घातलं.

"आलं का जपान?" चुलीपुढून दैवशालाचा आवाज.

मग पुन्हा कढण, पुन्हा आंबील, आणि अद्रक तिच्या हातानं. या वेळी मात्र जमलं! मिसो नव्हता, पण त्याचा चुलतभाऊ नक्की होता. पारावर एखाद्याला चुलतभावाच्या तोंडावळ्यावरून ओळखतातच की!

सातव्या माळेला जीप आली. ओगावासाहेब उतरले, ठेंगणे, चष्म्यातले, पांढऱ्या केसांचे. दारात न सांगता बूट काढले. माय खूष! "लय वळनाचं लेकरू हाय!" लेकरू साठीचं होतं.

ओसरीवर पान वाढलं. अंगणात सारं गाव, दाराच्या चौकटीला माणिकराव. साहेबांनी काकडी-मुळ्याचा पहिला घास घेतला. त्यांनी मान डोलावली. दुसरा घास. पुन्हा वाढून मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं! मग दिनकररावांशी इंग्रजीत काहीतरी बोलले.

दिनकरराव मोठ्या आनंदानं म्हणाले, "साहेब म्हणतात, फारच चवदार! असं जन्मात कधी खाल्लं नाही!"

"कधीच न्हाई?" चौकटीतून गोड आवाज आला.

"कधीच नाही! हा कुठला पदार्थ, म्हणून विचारताहेत."

अंगण असं हसलं की बैल बुजले! दहा वर्षं संपली. उद्यापासून मी पारावर बसणार आणि पावसापाण्याचं बोलणार!

एवढ्यात साहेबांचा घास हातात थांबला. त्यांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं. पानावरून उठले आणि सरळ देवघराकडे निघाले! दिनकरराव मागं, मी मागं, गाव मागं. घटासमोर, नेमक्या त्या टकलापाशी, साहेबांनी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागेल इतके वाकून मडक्याजवळ नाक नेलं.

"अगं बाई! देवीला नमस्कार घालायलाय!" माय ओरडली.

साहेबांनी चिरेतून ओघळणारा तपकिरी थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. डोळे मिटले.

"तीर्थ घेतलं हो, तीर्थ घेतलं!" बायनाबाईंनी हात जोडले.

साहेबांनी डोळे उघडले. ते भरून आले होते. "मिसो!" ते म्हणाले. "मिसो!"

मी उडीच मारली! दहा वर्षं ज्या शब्दाला गाव हसलं, तो शब्द खुद्द जपानच्या तोंडून, माझ्या घरात! मी छातीवर हात ठेवून, आठवतील ते सगळे शब्द एकदम ओतले. माझ्या छावणीच्या मुलखाचं नाव ओकायामा, म्हातारीला आम्ही हाक मारायचो ते ओबासान, आणि मी, आणि मिसो! साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या आईचं माहेर त्याच मुलखातलं निघालं! ते बोलत होते, रडत होते, मीही रडत होतो.

दिनकररावांनी गावाकडे वळून खड्या आवाजात सुरुवात केली, "ऐका हो! साहेब खात्रीनं सांगताहेत की हा सूर्यभान..."

आणि बायनाबाईंनी आरती सुरू केली! घंटा, टाळ, टाळ्या, सगळं एकदम! दिनकररावांचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द एक ऐकू येईना. मी हात वर करून बोंबललो, "ऐका! अरे, ऐका!" लोकांना वाटलं, मी जोर मागतोय. त्यांनी दुप्पट जोरानं टाळ्या पिटल्या.

आरती संपली तेव्हा जीप निघायची वेळ झाली होती. आणि माय सगळ्यांना टक्कल दाखवत होती. "आता कळलं देवीनं एवढी जागा काऊन मोकळी ठिवली ते! पाहुन्याला डोकं टेकायला!" कापसाची चिंता त्याच क्षणी मिटली. मायचा चेहरा इतका उजळला होता, की माझा राग कुठल्या कुठं गेला.

सगळे गेल्यावर मी ओसरीवर बसलो. "कुनीच ऐकलं न्हाई गं."

"म्या ऐकलं ना!" दैवशाला म्हणाली. "म्या दिनकररावाच्या शेजारीच हुबी होते. खरंच गेला होता की वो तुमी जपानला!"

"म्हंजे? इतके दिवस तुलाबी खोटं वाटायलं होतं?"

"तुमचं पुन्याला भांडे घासायचं रद्द केलं आजपासून," ती म्हणाली आणि पान उचलून आत गेली. खरं सांगतो, गावानं हार घातला असता तरी एवढा फुगलो नसतो मी.

दसऱ्याला घट उठला. मडकं फोडलं आणि आत काय देखणा मिसो! तपकिरी, चमकदार, म्हातारीच्या हातचाच जणू. मी अद्रक, चिंच, गूळ, करडीचं तेल घालून फेटला आणि काकडीवर ओतला. मायनं तो देवीचा प्रसाद म्हणून गावाला वाटला. आणि गाव तुटून पडलं! हसणारी तोंडं, चाटणारी बोटं! टोपीत घटाचं धान खोवून माणिकराव तिसऱ्यांदा वाटी पुढं करत उभे होते. मी म्हटलं, आता सोडायचं नाही.

"माणिकराव, आता तरी माना! मी जपानला गेलो होतो!"

त्यांनी बोट शांतपणे चाटलं. "सूर्यभान, तू जपानला गेलास का न्हाई, ते देवीलाच मालूम. पन जपान कस्तुराबाईच्या घटाला आलं, हे म्या माझ्या डोळ्यानं बघितलं! वाढ अजून."

मी वाढलं. काय करणार? ताटातलं साहेबांनी ओळखलं नव्हतं, तेव्हा शर्त मी हरलोच होतो. झरीत मी आता जपानचं नाव काढत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगितलं!