मापात शिवलेला टप

"टॅक्सी सांगून ठेवू का?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. घरची गाडी उभी असताना टॅक्सीचं नाव काढणं म्हणजे शिंप्याच्या घरात तयार शर्ट विकत आणण्यासारखं होतं. तोही प्रकार या घरात एकदा झाला होता आणि मास्तर चार दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"टॅक्सी कशाला? पोरीला मी सोडणार, गाडीचा टप उघडा टाकून. सगळी गल्ली बघेल."

"गल्लीचं राहू द्या. ट्रेन अकरा-दहाची आहे."

"मग दहाला गाडी दारात."

मुलगी बॅगेची चेन ओढत होती. दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि वर्षभर तरी परत येता येणार नव्हतं. तिने मान वर करून विचारलं, "बाबा, नक्की ना?"

"नक्की म्हणजे? अकरा वर्षं कशासाठी राबतोय मी?"

हा प्रश्न तिलाही बऱ्याचदा पडला होता. मास्तर बाहेर पडल्यावर ती आईला म्हणाली, "येईल गं बाबा. आज तरी येईल."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे सूट शिवले आणि एकाही गिऱ्हाइकाच्या पाठीवर सुरकुती पडू दिली नाही. त्यांच्या सुटात माणूस रुबाबदार दिसे, फक्त त्याला खाली बसता येत नसे. कुणी तक्रार घेऊन आलाच, तर मास्तर त्याला आरशासमोर उभा करून विचारत, "सूट बसायला शिवलाय की दिसायला?" गिऱ्हाईक उभ्याउभ्याच घरी जाई.

अशाच उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एक डॉक्टर शहर सोडून गेले आणि जाताना आपली जुनी स्पोर्ट्‌स कार मास्तरांना देऊन गेले. फुकट मिळालेल्या वस्तूइतकी महाग वस्तू दुसरी नसते, हे मास्तरांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. गाडी लाल होती, लांब नाकाची होती, इंजिन बंद होतं आणि कापडी टप कुजून नुसती लोखंडी चौकट राहिली होती. गाडीत जागा दोन, घरात माणसं तीन.

"मग मी कुठे बसू?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तू पुढच्या फेरीत."

पहिली फेरी अजून व्हायची होती.

कोट कसा शिवलाय हे तो उलटा केला की कळतं, असं मास्तर म्हणत. त्याच न्यायाने त्यांनी कार्बोरेटर उलटा केला. तो पुन्हा बसवायला वर्ष गेलं आणि तरी दोन स्क्रू उरले. ते त्यांनी बटणांच्या डबीत टाकले, कारण बटणं उरतात आणि कोट चालतोच. मग ब्रेक, मग क्लच, मग गंज. मुलीला लांब उडीचं बक्षीस मिळालं तेव्हा मास्तर गाडीखाली होते. शाळेचा शेवटचा निकाल घेऊन ती धावत शेडमध्ये आली तेव्हाही गाडीखालीच होते. चाकाशेजारी दिसणाऱ्या दोन पायांना तिने वाकून टक्के सांगितले आणि पायांनी "शाबास" म्हटलं. दर वेळी मास्तरांचं उत्तर एकच असे, "तुझ्यासाठीच चाललंय ना हे. एक दिवस टप उघडा टाकून तुला नेतो की नाही बघ."

इंजिन सुरू झालं ते मेहुण्यामुळे. तो बसडेपोत मेकॅनिक होता. मास्तर चहाला घरात गेले, तेवढ्यात त्याने डबीतले दोन स्क्रू जागेवर लावून टाकले. याबद्दल मास्तरांनी त्याला आजतागायत माफ केलेलं नव्हतं. मात्र आतली सजावट त्यांनी एकट्याने केली. हाताने फिरवायच्या काचा काढून भंगारातून आणलेल्या बटणाच्या काचा बसवल्या. टपाच्या आत लावायला जाड फेल्टचं अस्तर बेतून ठेवलं. "आत बसल्यावर बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये," ते म्हणाले. दारांना आतून नवं रेक्झिन चढवलं, ते इतकं सपाट की हात फिरवावा.

"दाजी, आतलं हँडल कुठंय?" मेहुण्याने विचारलं.

"काढलं. हँडलपायी चांगल्या कापडाला भोक पाडायचं?"

"मग दार उघडायचं कसं?"

"दार उघडतो कोण? मी दारावरून टांग टाकून उतरतो."

ते खरंही होतं. अकरा वर्षं गाडीला टपच नव्हता.

राहता राहिला तो टप. तो मास्तरांनी जीव ओतून शिवला. ताडपत्रीसारखं काळं जाड कापड, इंचाला आठ टाके, दुहेरी शिलाई. आदल्या दिवशी दोघांनी तो चौकटीवर चढवला, तर पुढची पट्टी समोरच्या काचेवरच्या लोखंडी आकड्यांपासून दोन बोटं दूर राहिली. मेहुण्याने पोट लावून ढकलली, तरी दोन बोटं राहिलीच.

"दाजी, शिवणीत थोडी माया ठेवायची होती. एवढा ताणून बसवला तर उघडणार कसा?"

"सैल कपडा मी आयुष्यात शिवला नाही."

"हा कपडा नाही, टप आहे. त्याला उठता-बसता आलं पाहिजे."

"तू उद्या फक्त सामान न्यायला ये," मास्तर म्हणाले. "गाडीला हात लावायचा नाही."

रात्रभर त्यांनी पट्टीला दोन दोर बांधून टप ताणून ठेवला. आता सकाळी पावणेनऊला ते गाडीत शिरले तेव्हा एकच बोट उरलं होतं. बेत पक्का होता. गाडी बंद टपाने दारात न्यायची आणि सगळे बघत असताना टप असा झटक्यात मागे टाकायचा. मास्तर दोन्ही हातांनी पट्टीला लोंबकळले, पाय डॅशबोर्डला लावले आणि श्वास रोखला. कट्‌कन दोन्ही आकडे बसले.

मास्तरांनी वर पाहिलं. एक सुरकुती नव्हती. बोटाने टिचकी मारावी तर कापड हलत नव्हतं. त्यांनी काचा वर घेतल्या. काचेची कड टपाच्या कडेला अशी भिडली जशी कॉलर मानेला भिडावी. ते पाहायला इतकं बरं वाटलं की त्यांनी काचा खाली घेतल्या, वर घेतल्या, पुन्हा खाली घेतल्या, पुन्हा वर घेतल्या. पाचव्यांदा बटण दाबलं तेव्हा काच वरच राहिली. बॅटरी बदला, असं मेहुणा महिनाभर सांगत होता.

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा टक् केलं आणि तोंड मिटलं. हॉर्न दाबला, त्याने तेवढंही केलं नाही. "बरं," मास्तर म्हणाले आणि टप उघडायला आकडे ओढले. टप इतका ताणलेला होता की आकडे जागचे हलेनात. ते पुन्हा लोंबकळले, गुडघे लावले, शिव्या दिल्या. मग दाराकडे हात गेला आणि तळवा त्या सुंदर सपाट रेक्झिनवरून घसरत खाली आला.

फोन घरातच राहिला होता. त्यांनी हाका मारल्या. शेड घरामागे होतं, घरातली सगळी पुढच्या दाराशी, आणि अस्तर मास्तरांनी स्वतः लावलेलं. बाहेरचं आत येऊ नये म्हणून लावलेलं फेल्ट आतलंही बाहेर जाऊ देत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काच फोडावी, तर ती शोधायला सहा वर्षं गेली होती.

शेजारच्या सीटवर मोठी कात्री पडली होती. सकाळी सुटे दोरे कापायला आणलेली. एक पातं खुपसायचं, हातभर फाडायचं आणि बाहेर यायचं. दोन मिनिटांचं काम. घड्याळात नऊला पाच कमी होते.

मास्तरांनी कात्री उचलली, टोक कापडाला लावलं आणि हात तिथेच थांबला. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचं शिवलेलं कधी कापलं नव्हतं. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, कापलेलं जोडता येत नाही, उसवलेलं पुन्हा शिवता येतं. आणि एक तास हातात होता. दाराच्या वरची शिवण वीतभर उसवली की ताण सुटेल, आकडे निघतील, टप शाबूत राहील. वीसएक मिनिटं लागतील फार तर. त्यांनी कात्री मांडीवर ठेवली, खिशातलं ब्लेड काढलं आणि पहिला टाका तोडला.

शिलाई दुहेरी होती आणि शिवणारा पक्का होता. सव्वानऊला चार बोटं उसवली. साडेनऊला वीत झाली, पण आकडे हलले नाहीत. आता एवढं उसवल्यावर कापायचं म्हणजे तर शुद्ध मूर्खपणा. मास्तर चष्मा कपाळावर चढवून, नाक शिवणीला लावून टाका टाका काढत राहिले. काम हातात आलं की त्यांना घड्याळ दिसत नसे. खोटं कशाला बोला, मधली काही मिनिटं त्यांना बरंच वाटत होतं. स्वतःची शिलाई इतक्या जवळून त्यांनीही पाहिली नव्हती. मध्येच एकदा मागच्या खिडकीतून येणारा उजेड कमी झाला. ढग आला असावा म्हणून ते वैतागले आणि उजेडाच्या बाजूला आणखी वाकले. थोड्या वेळाने उजेड परत आला.

दार एकदम बाहेरून उघडलं आणि मास्तर अर्धे बाहेर लवंडले.

"दाजी, आत काय करताय?" मेहुण्याच्या हातात हँडल होतं. एका बोटाने उघडलं होतं त्याने.

"किती वाजले?"

"साडेदहा. स्कूटर पंक्चर झाली, म्हणून मला उशीर झाला. घराला कुलूप दिसलं. गेल्या वाटतं दोघी."

"कशा गेल्या?"

"टॅक्सीने. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सांगत होता, ताईने रात्रीच सांगून ठेवली होती."

मास्तर उभे राहिले. आधार घ्यायला त्यांनी टपाच्या पट्टीला हात लावला, आणि आकडे निघाले. उसवलेल्या शिवणीने हवी तेवढी जागा दिली होती. टप आपल्या वजनाने अलगद मागे गेला आणि घडी घालून बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा गाडी जशी दिसायला हवी होती तशी दिसली. शेडच्या दारातून ऊन आत आलं आणि दोन्ही सीटांवर पडलं.

"बघा," मेहुणा म्हणाला, "एवढी माया ठेवली असती तर—"

"गप्प बस."

पंक्चर स्कूटर आणि मेलेली बॅटरी घेऊन स्टेशनावर जाता येत नाही. तरी मास्तर गल्लीच्या तोंडापर्यंत धावत गेले, एकही रिक्षा मिळेना, तेव्हा धापा टाकत परत आले. पावणेबाराला मेहुण्याचा फोन वाजला. त्याने तो मास्तरांकडे दिला.

"बाबा," मुलगी म्हणाली. मागे ट्रेनची खडखड होती. "तुझा फोन घरीच वाजत होता, म्हणून मामाला लावला. मला ट्रेन मिळाली. काळजी करू नकोस."

"अगं, मी—"

"मी आले होते मागे बोलवायला. पावणेदहाला. खिडकीतून दिसलास. दोन हाका मारल्या, पण तू मान वर केली नाहीस." ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "कामात होतास. म्हटलं, राहू दे."

अडकलो होतो, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं सगळं होतं, बॅटरी होती, आकडे होते, हँडल होतं. पण ती विचारणार, कात्री नव्हती का जवळ? कात्री मांडीवर होती. दीड तास मुलगी आणि टप यांतलं एक निवडायचं होतं आणि मास्तरांनी नीट बसून, चष्मा कपाळावर घेऊन निवडलं होतं. त्यांना आयुष्यात वाटली नव्हती एवढी शरम वाटली.

"हो," ते म्हणाले. "कामात होतो."

"झालं का मग?"

"झालं. उघडतो आता टप."

"छान," ती म्हणाली. मग बोगदा आला असावा, आवाज तुटला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मेहुण्याने विचारलं.

"विचारत होती, टप झाला का."

मेहुण्याने फोन खिशात टाकला. पुढच्या दाराशी टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. बायको परत आली होती. मास्तरांना तिच्यासमोर जायचं धाडस होईना. ते गाडीजवळ गेले, घडी घातलेल्या टपाची उसवलेली शिवण त्यांनी दोन्ही हातांनी उलगडली, दोन टोकांमध्ये बोटं ठेवून अंतर पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"इथे चार बोटांची पट्टी जोडावी लागेल," ते म्हणाले.